तलावाकाठची शाळा
गोंदियातील पाखरे, वटवाघळे आणि मुले

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी नागपूर मागे टाकते आणि महाराष्ट्राची हद्द ओलांडण्यापूर्वी शेवटच्या मोठ्या जंक्शनात शिरते, ते गोंदिया. धानाच्या गिरण्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी हे नाव रेल्वेच्या वेळापत्रकाखेरीज कोठे वाचलेले नसेल. परंतु महाराष्ट्रात सारस नावाच्या भव्य पक्ष्याला आज जो काही आसरा उरला आहे, तो मुख्यत्वे याच जिल्ह्यात आहे. हा आसरा टिकावा की नाही, याचा निवाडा बव्हंशी येथील शेतकऱ्यांच्या मुलांच्या हाती आहे. म्हणूनच या मुलांना पाखरांची ओळख आजवर कोणी करून दिली, ती मध्यंतरी कशी पुसट झाली आणि आता पुन्हा कशी करून दिली जात आहे, याचा इतिहास सांगावा असे आम्हांस वाटले.

तलाव आणि त्यांचे राखणदार

भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. चांद्याच्या गोंड राजांच्या अमलात कोहळी समाजातील जाणत्या लोकांनी येथे रान साफ करून गावे वसविली, ओढ्यानाल्यांचे पाणी मातीच्या पाळी घालून अडविले आणि त्यावर धान व ऊस पिकविला. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. पूर्व विदर्भात अशा जुन्या तलावांची संख्या सहा हजारांवर भरते. त्यांतील सर्वांत ख्यातनाम तलाव म्हणजे नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. डोंगरांच्या कुशीतील या जलाशयाचा घेर सतरा मैलांचा सांगितला जातो. कोलू पाटलांना लोकांनी पुढे देवत्व दिले. कोलासूर देव म्हणून तलावाभोवतीच्या एका शिखरावर त्यांचे ठाणे आहे. पाणी अडविणाऱ्या माणसाला देव मानणारा हा प्रदेश आहे, एवढे यावरून कळावे.

तलाव आला की पाखरे येतात. कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू बदक, पाणकावळे, बगळे आणि हिवाळ्यात उत्तरेकडून उतरणारी बदकांची थवेच्या थवे हे या तलावांचे नित्याचे रहिवासी आणि पाहुणे. त्यांना ओळखणारी माणसेही तलावाकाठीच राहत. कोहळी शेतकरी पाण्याची वाटणी सांभाळी, ढिवर मासेमारी करी, गोंड रानाची खबर ठेवी. कोणते पाखरू आले म्हणजे पाऊस जवळ आला, कोणते कोठे अंडी घालते, कोणाच्या ओरडण्याचा अर्थ काय, हे म्हशींमागे पाळीवर हिंडणाऱ्या मुलाला कोणी वेगळे शिकवावे लागत नसे. अर्थात हे ज्ञान सोवळे नव्हते. त्यात फासे लावणे आले, घरट्यातील अंडी उचलणे आले. पण ज्याला घरटे सापडते त्याला पाखराचा सारा दिनक्रम ठाऊक असतो, हेही तितकेच खरे.

इंग्रजी अमलात या गावांचे मालगुजार जमिनीचे व तलावांचे मालक ठरले. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारजमा झाले. कूळ आणि रयत यांच्या दृष्टीने तो न्यायाचाच निर्णय होता. मात्र तलावाची पाळ दरवर्षी दुरुस्त करणारे, गाळ काढणारे, पाण्याचे पाट राखणारे गावातील हात त्यानंतर सैल पडले. ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव कागदोपत्री आले आणि लोकांच्या तोंडी त्याचे ‘मामा तलाव’ झाले. कित्येक तलाव गाळाने भरले, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली.

याच काळात गावोगाव शाळा निघाल्या. मुले पाळीवरून वर्गात आली ही मोठी सुधारणाच होती. परंतु पाठ्यपुस्तक साऱ्या राज्यासाठी एकच. त्यात आपल्या गावच्या बोडीवरील पाखरांना जागा कोठून मिळणार? आजोबांना जी पाखरे नावानिशी ठाऊक होती, ती नातवाला नुसती ‘पाखरे’ झाली. नाव गेले की ओळख जाते आणि ओळख गेली की त्या जीवाचे काय झाले, याची चौकशी करणारेही कोणी उरत नाही.

एका प्रश्नाचे उत्तर

जाणत्या माणसाने मुलाच्या प्रश्नाला नीट उत्तर दिले तर काय घडू शकते, याचा दाखला देण्यासाठी क्षणभर मुंबईकडे वळले पाहिजे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खेतवाडीतील दहा-बारा वर्षांच्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कोणाला सांगता येईना. मुलगा ती घेऊन १८८३ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’त गेला. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला पिटाळून लावले नाही. पक्ष्याचे नाव सांगितले, कपाटे उघडून शेकडो पक्ष्यांचे नमुने दाखविले. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली.

पुढे ब्रह्मदेशातून १९१७ साली परतल्यावर सलीम अली व्यापारी शिक्षणाकडे वळले होते. त्यांचा खरा ओढा ओळखला तो सेंट झेवियर्स महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी. स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ असलेल्या या स्विस फादरांनी त्यांना प्राणिशास्त्राचा अभ्यास करण्यास प्रवृत्त केले. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सुप्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले आणि त्यानंतरच्या पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी ‘चिमणीचे पतन’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले, ते वाचताना आपणांस मत्तयच्या शुभवर्तमानातील चिमण्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. एका मुलाचा एक प्रश्न दोन शिक्षकांनी मनावर घेतला, त्याचे हे फळ होय.

नवेगावबांधचा वनाधिकारी

गोंदियाच्या वाट्याला असा शिक्षक आला तो वनखात्यातून. मारुती चितमपल्ली यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ रोजी सोलापूर येथे झाला. वनाधिकारी म्हणून राज्यात अनेक ठिकाणी त्यांनी काम केले. पण त्यांच्या लेखनात ज्या गावाने घर केले ते नवेगावबांध. १९७० मध्ये नागझिरा अभयारण्य आणि १९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्या दशकात चितमपल्ली या परिसरात वावरले. हाती दुर्बीण होती, पाठीशी पुस्तकी विद्या होती. तरीही त्यांनी गावकऱ्यांपुढे विद्यार्थ्याची भूमिका घेतली. तलाव आणि पाखरे यांविषयीचे परंपरागत ज्ञान ज्यांच्यापाशी होते त्या माधवराव पाटलांसारख्या वडीलधाऱ्यांना, गोंडांना, ढिवरांना ते विचारीत गेले आणि मिळालेले टिपून ठेवीत गेले.

या टिपणांतून मराठी भाषेला पाखरांची नावे परत मिळाली. कावळ्यांच्या वसतिस्थानाला ‘काकागार’, बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द त्यांनी रूढ केले. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’, ‘नवेगावबांधचे दिवस’ ही पुस्तके आणि पुढे ‘पक्षिकोश’ यांतून झाडीपट्टीतील तळी शहरातील वाचकांच्या घरात पोहोचली. २००६ साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी ते निवर्तले. पाळीवरचे जे ज्ञान बोलण्याबरोबर विरून जाणार होते, ते त्यांनी कागदावर आणले. ते पुन्हा गावच्या मुलांपर्यंत नेणे मात्र बाकी होते.

सारस

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत उंच पक्षी. पूर्ण वाढलेला नर मोठ्या माणसाएवढा, म्हणजे जवळजवळ सहा फूट भरतो. करडे अंग, तांबडे डोके आणि लांब पाय. जोडी एकदा जमली की सहसा आयुष्यभर टिकते. वाल्मीकींच्या कथेतील क्रौंच म्हणजे सारसच, असे अनेक अभ्यासक मानतात. सतराव्या शतकाच्या आरंभी बादशहा जहांगीराने सारसांची एक जोडी पाळून त्यांना लैला-मजनू अशी नावे दिली आणि त्यांच्या अंडी उबविण्याची नोंद आपल्या रोजनिशीत बारकाईने केली.

या पक्ष्याची अडचण अशी की, तो अभयारण्याची हद्द पाळीत नाही. त्याला दाट जंगल नको असते. तलावाची उथळ कड आणि पाण्याने भरलेली धानाची बांधी त्याला हवी असते. पावसाळ्यात तेथेच तो गवत व धानाची रोपे रचून घरटे करतो. मादी बहुधा दोन अंडी घालते, नर व मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवितात. पिले उडू लागेपर्यंत अडीच-तीन महिने जातात. म्हणजे धानाच्या रोवणीपासून कापणीपर्यंतचा जो शेतकऱ्याचा हंगाम, तोच सारसाचा. वनरक्षक तेथे पोहोचण्याच्या आधी शेतकरी पोहोचतो, आणि शेतकऱ्याच्याही आधी त्याची मुले.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियात हे पक्षी बोटांवर मोजण्याइतके उरल्याचे ध्यानात आले. सावन बहेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘सेवा’ या संस्थेने गावोगाव फिरून घरटी शोधणे, शेतकऱ्यांशी बोलणे आणि शाळा-महाविद्यालयांतील मुलांना या कामात ओढणे सुरू केले. वनखात्याच्या सोबतीने उन्हाळ्याच्या अखेरीस सारसगणना होऊ लागली. पहाटे उजाडण्यापूर्वी स्वयंसेवकांच्या तुकड्या एकाच वेळी निरनिराळ्या तलावांवर व नदीकाठी बसतात, जेणेकरून एक पक्षी दोनदा मोजला जाऊ नये. परसवाडा आणि झिलमिली ही तलावांची नावे त्यामुळे पक्षिमित्रांच्या तोंडी झाली. संख्या काही काळ वाढली, नंतर पुन्हा घसरली. विजेच्या तारांचा धक्का, शेतातील विषारी औषधे आणि आटत चाललेले पाणथळ ही त्याची प्रमुख कारणे. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या घसरणीची स्वतःहून दखल घेतली. अलीकडच्या गणनांत जिल्ह्यातील सारसांचा आकडा तीसच्या आसपासच घोटाळतो. ही संख्या एखाद्या लहान शाळेच्या एका वर्गाएवढी आहे.

अशा ठिकाणी ‘पक्ष्यांवर प्रेम करा’ एवढे फळ्यावर लिहून भागत नाही. शेतकऱ्याची तक्रार असते की सारस धान तुडवितो. तिचे उत्तर गणिताच्या तासाला देता येते. सारसाचे मोठे घरटे धरले तरी त्याचा व्यास सुमारे दोन मीटर, म्हणजे क्षेत्रफळ तीन चौरस मीटरांच्या थोडे वर. एक एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरांहून अधिक. भोवतालची थोडी रोपे मोडली असे धरून चौपट नुकसान मानले, तरी ते एकराच्या तीनशेव्या हिश्श्याएवढेच होते. हा हिशेब मुलाने घरी जाऊन बापाला करून दाखविला, तर बाहेरून आलेल्या कोणाच्याही व्याख्यानापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो. दुसरा धडा संयमाचा. घरटे सापडले तर जवळ जायचे नाही, अंड्यांना हात लावायचा नाही, मोबाइलवर छायाचित्र काढून गावभर पाठवायचे नाही. शिक्षकांना किंवा वनरक्षकाला तेवढे कळवायचे. पूर्वीच्या मुलाला घरटे कोठे आहे हे ठाऊक असे. आजच्या मुलाला ते ठाऊक असूनही दूर राहायला शिकायचे आहे.

तलावांचेही तसेच. अर्जुनी मोरगाव भागात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ या संस्थेने ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक मासे परत आणले. पाणवनस्पती आल्या की पाखरांचे अन्न येते. तलाव कसा जगतो हे सांगायला असा तलाव गावातच असेल, तर आणखी कोणते साधन हवे?

नावडता सोबती

सारस देखणा आहे, कथांत आहे, त्याची बाजू घेणारे पुष्कळ भेटतील. पण गावच्या जुन्या वडा-पिंपळावर दिवसा उलटे लटकणारे मोठे वटवाघूळ? त्याच्या वाट्याला भीती आणि दगडच आले. मुळात ते पक्षी की पशू, हाच मुलांचा पहिला प्रश्न असतो. बायबलमधील लेवीय ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात निषिद्ध पक्ष्यांची जी यादी आहे, तिच्या अखेरीस वटवाघळाचे नाव येते. उडणारे सारे एकत्र मोजण्याची ती जुनी रीत. आजचे शास्त्र सांगते की ते पिलाला दूध पाजणारे, उडता येणारे सस्तन प्राणी आहे. या मोठ्या वटवाघळाला वर्षाला बहुधा एकच पिलू होते. त्यामुळे एक झाड तोडले वा एक वसाहत धुराने हुसकावली, तर ती भरून येण्यास वर्षे लागतात.

गोंदियाच्या मुलांना वटवाघूळ समजावून सांगण्यासाठी मोहाचे झाड पुरेसे आहे. उन्हाळ्याच्या तोंडी घरातील सारी माणसे पहाटे मोहफुले वेचायला जातात. त्याच झाडावर आदल्या रात्री वटवाघळे येऊन गेलेली असतात. फुलांचा गोड गर खाताना त्यांच्या अंगाला लागलेले पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात आणि पुढे तीच मोहाची फळे व बिया दूरवर नेऊन टाकतात. किडे खाणारी लहान वटवाघळे रात्रभर डास आणि पिकावरील किडे टिपतात, ती वेगळीच.

कायद्यानेही या प्राण्यास बराच काळ न्याय दिला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळे खाणाऱ्या वटवाघळांना कावळे व उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात टाकले होते. योगायोग असा की, त्याच १९७२ साली किट्टी थोंगलोंग्या या थाई संशोधकाने मुंबईच्या संग्रहातील एक नमुना तपासला. १९४८ साली तामिळनाडूच्या डोंगरात सापडलेले ते वटवाघूळ साऱ्या जगाला नवीन निघाले. त्याने त्याला सलीम अलींचे नाव दिले. पाखरांच्या ऋषीचे नाव वटवाघळाने मिरवावे, यात औचित्यच होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, उपद्रवी प्राण्यांचे ते परिशिष्टच कायद्यातून गेले.

परंतु कायदा बदलल्याने मनातील भीती जात नाही. २०१८ मध्ये केरळात निपाह आला, २०२० मध्ये करोना आला आणि वटवाघळांवरील संशय दुणावला. येथे शिक्षकाने मुलांपासून काही लपवू नये. वटवाघळांत रोगाचे विषाणू असू शकतात. म्हणून त्यांना हाताळू नये, त्यांनी उष्टावलेले फळ खाऊ नये, मेलेले वा जखमी सापडल्यास मोठ्यांना सांगावे. एवढे पाळले तर दगड मारण्याचे कारण उरत नाही. उलट वसाहत हुसकावल्याने ती चार ठिकाणी पांगते, आणि माणसाशी तिचा संबंध वाढतोच.

दूरच्या बेटावरील दाखला

शाळेतील अशा शिक्षणाने खरोखर काही साधते काय? हिंदी महासागरातील रॉड्रिग्ज बेटाकडे पाहावे. हे बेट मॉरिशसच्या अमलाखाली आहे. मॉरिशसमध्ये कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती आहे, आणि रॉड्रिग्जचे बहुसंख्य रहिवासी कॅथलिक आहेत. तेथील सोनेरी वटवाघूळ जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. जंगलतोड आणि वादळे यांमुळे १९७० च्या दशकात त्यांची संख्या शंभराच्या आत आली होती. १९७६ मध्ये जेराल्ड ड्युरेल यांनी काही जोड्या पैदाशीसाठी नेल्या. पण बेटावर जी वाचली ती राने पुन्हा लावल्यामुळे आणि बेटावरील शाळांतून मुलांना आपल्या देशी झाडांची, पाखरांची व वटवाघळांची ओळख करून देण्यात आल्यामुळे. आज ती हजारोंच्या संख्येने आहेत. याउलट शेजारच्या मुख्य मॉरिशस बेटावर लिची-आंब्यांचे नुकसान होते म्हणून २०१५ व २०१६ मध्ये सरकारनेच तेथील वटवाघळे हजारोंनी मारली. एकाच देशातील दोन बेटांची ही दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. शिक्षणाने सारेच साधते असे नाही. बागायतदाराच्या नुकसानीचाही विचार व्हावा लागतो. पण जेथे ओळखच नाही तेथे विचाराला आरंभही होत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून पाळण्याचे ठरविले. पाच तारीख चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख सलीम अलींच्या जन्माची. त्या आठवड्यात गोंदियाच्या बांध्यांत धानाची कापणी चालू असते आणि त्या वर्षीची सारसाची पिले, वाचली असतील तर, आईबापांबरोबर तलावावर उतरू लागलेली असतात. शाळेने मुलांना वर्गाबाहेर नेण्यास याहून चांगला मुहूर्त नाही. प्रभातफेरी काढून, घोषणा देऊन परत येण्याऐवजी एखादा तास पाळीवर गप्प बसावे, दिसेल ते मोजावे आणि गावातील एखाद्या वृद्ध ढिवराला बोलावून त्याच्याकडून नावे विचारून घ्यावीत. ती नावे वहीत उतरली म्हणजे १९५० नंतर तुटलेला एक धागा पुन्हा जोडला जाईल.

आपल्या वाचकांची घरे गोंदियापासून दूर असतील. पण तळे, खाडी वा जुना वड आपल्या धर्मग्रामाच्या आसपासही असतोच. येत्या नोव्हेंबरात आपल्या मुलांनी घरातील आजी-आजोबांपाशी बसून, आपल्या बोलीत चालत आलेली पाखरांची दहा नावे लिहून काढावीत आणि त्यांतील किती पाखरे अजून दिसतात हे स्वतः जाऊन पाहावे, अशी विनंती आम्ही प्रत्येक कुटुंबास करतो.